रिकामा कोपरा

साबणदाणीएवढी पेटी. झाकणाचा वरचा डावा कोपरा कोरा. नाव नाही, बटण नाही, स्क्रूसुद्धा नाही.

मामांनी गोळ्यांचं पाकीट कचऱ्यात टाकलं, आणि मामी कित्येक दिवसांनी गुणगुणल्या.

इस्पितळाच्या पडद्यावर एकाच गल्लीतले बारा ठिपके. अकरा करडे, एक हिरवा.

"तुझ्या मॉडेमनेच मान टाकलीय," पेटी बनवणाऱ्या कंपनीतला साहेब मामांच्या भाचीला म्हणाला. "जा, निस्तर."

पेटीत मॉडेम बसवणं हे तिचं काम. पेटी छातीला लावायची. ठोका चुकला की ती आतल्या सिमकार्डावरून थेट इस्पितळात इशारा धाडते आणि तिथून घरी फोन येतो. पेटीचा संपर्क तुटला की ठिपका करडा होतो. मामांचा ठिपका दोन आठवडे करडा होता.

गल्लीतल्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर ताम्रबाबा गरजत होते.

"कंपनीने हा कोपरा रिकामा का सोडला? इथे शक्ती बसायची होती म्हणून! माझी तांब्याची पट्टी लावली, मग इस्पितळाचा फोन आला?"

"नाही आला!"

"म्हणजे रोग कुठे गेला?"

"पळाला!"

भाचीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या कोपऱ्याखाली अँटेना होता. साहेबाला तिथे कंपनीचं चकचकीत धातूचं नाव हवं होतं. तीन महिने भांडून तिने ती जागा मोकळी ठेवली होती. आणि आता तिथे हे!

"मामा, गोळ्या कधीपासून बंद आहेत?" तिने पहिल्या रांगेत मामींशेजारी बसलेल्या मामांना विचारलं.

"अगं, पेटी गप्प आहे ना! दुखणं असतं तर ओरडली नसती?"

"ओरडतेय ती. तुम्ही तिचं तोंड दाबलंय."

"चारचौघांत शोभा करू नकोस," मामी कुजबुजल्या.

"शोभाच करायचीय, मामी."

ती मंचावर चढली. "बाबा, पेटी तुमच्याही छातीला आहे, पट्टीही आहे. मग बारांतली तुमचीच तेवढी कशी बोलते?"

"साधनेचं बळ!"

"बघू तरी."

बाबा मागे सरकायच्या आत तिने पट्टीवर नख ओढलं. तांब्याचा रंग कोंड्यासारखा झडला. खाली पांढरंफटक प्लास्टिक.

"तांबं रेडिओलहरी अडवतं, प्लास्टिक अडवत नाही. याने स्वतःच्या जिवाला प्लास्टिक लावलं आणि तुमच्या जिवाला तांबं!"

"अहो, हा तर मोबाइलची कव्हरं विकायचा!" मागून एक शिंपी ओरडला. "धातूच्या कव्हराने रेंज जाते म्हणत मलाच प्लास्टिकचं गळ्यात मारलं होतं याने!"

"शक्तीला नखाने मोजू नका, मूर्खांनो," बाबा म्हणाले. पाय मात्र मागच्या दाराकडे वळले होते. दारात दोन धिप्पाड हमाल आडवे झाले.

भाचीने मामांची पट्टी उचकटली. काहीच झालं नाही. कुणीतरी खुदकन हसलं. एक मिनिट गेलं, दीड गेलं. मग पेटीचा दिवा हिरवा झाला, आणि लगेच मामींचा फोन वाजला.

"पेशंट कुठे आहेत?" परिचारिकेचा आवाज चिरका झाला होता. "बसलेत की पडलेत? एकदम एक्केचाळीस इशारे आलेत!"

न गेलेला इशारा पेटी पुसत नाही, साठवून ठेवते. मामांना खुर्चीसकट उचलून गाडीत घातलं.

"पट्ट्या काढा, आत्ताच्या आत्ता!" भाची ओरडली. "पेटी गप्प झाली म्हणजे रोग गेला, असं कुणी म्हणालं तर एवढंच विचारा, गप्प झाली की केली? डोकं देव्हाऱ्यात ठेवायला दिलेलं नाही!"

अकरा ठिपके करडे झाले तरी 'पेशंटनेच पेटी बंद ठेवली असेल' म्हणणाऱ्या इस्पितळाला, आणि कुणाच्याही घरी एक फोन न करणाऱ्या साहेबालाही, ती हेच विचारणार होती.

एक्केचाळीसांतला पहिला इशारा पट्टी चिकटवली त्याच दिवशीचा होता, दुपारी दोन वाजून दहा मिनिटांचा. त्या वेळी मामा टाळ्या वाजवत होते.