तिरकी खाच

नोटीस आली तेव्हा दादा नेहमीप्रमाणे स्टुलावर बसून कामगारांच्या कामात नाक खुपसत होते. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांना तेवढंच काम उरलं होतं आणि ते त्यांनी जोमाने चालवलं होतं. कारखाना आता लेक सांभाळायची. तिने कागद दोनदा वाचला आणि म्हणाली, "बाबा, आपला नळ आपला नाही म्हणतायत."

दादांना आधी हसूच आलं. वरचं बटण दाबलं की पाणी यायचं, हात काढला की नळ आपोआप, सावकाश बंद व्हायचा. शाळांत, दवाखान्यांत, स्टेशनांवर तोच नळ. बाकीच्यांचे असले नळ बंद होताना धाडकन आदळायचे आणि भिंतीतला पाइप हादरायचा. दादांनी आतल्या पितळी दांड्यावर एक तिरकी खाच पाडली आणि आदळणं थांबलं. खाच नखाएवढी, पण तिच्यापायी दोन वर्षं गेली होती. आता एक मोठी कंपनी म्हणत होती की या खाचेचं पेटंट आमचं आहे, महिन्याभरात नळ बनवणं बंद करा. कारखान्यात दुसरं काही बनतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दोघं वकीलबाईंकडे गेले. दादांनी चौतीस वर्षांपूर्वीची, तेलाच्या डागांनी काळी पडलेली वही टेबलावर ठेवली. "तारीख बघा. त्यांच्या साहेबाला तेव्हा दात तरी आले होते का?"

वकीलबाईंनी वही जपून चाळली. "नुसत्या वहीने भागत नाही. आधी कोणाला सुचलं, ते कायद्यात बघत नाहीत. आधी अर्ज कोणी केला, ते बघतात. त्यांनी नऊ वर्षांपूर्वी केला. तुम्ही केलाच नाही."

"कोण करत होतं अर्ज? आमच्यासारख्यांकडे कुत्रं तरी ढुंकून बघत होतं का?"

"आता बघतात. सगळ्या नोंदी कॉम्प्युटरवर आल्या. कंपन्या बसल्या जागी शोधतात आणि नोटिसा धाडतात. छोट्या कारखान्याची ही या वर्षातली माझ्याकडची सहावी." त्यांनी वही मिटली. "एक वाट आहे. त्यांच्या अर्जाआधी ही खाच उघडपणे लोकांना माहीत असेल, तर त्यांचं पेटंट टिकत नाही. तुम्ही ती कोणाला दाखवली होती?"

"कोणालाही नाही!" दादा ताठ बसून म्हणाले. खाच पाडायचा लेथ त्यांनी कायम पडद्यामागे ठेवला होता. नळात अशी पिन बसवली होती की कोणी आत डोकावायला गेलं तर दांडाच मोडावा. हे सगळं कौतुकाने सांगता सांगता त्यांच्या लक्षात आलं की वकीलबाई लिहायच्या थांबल्या आहेत.

"दुसरं कोणी बनवत होतं का? उघडपणे?"

लेकीने बापाकडे पाहिलं. दादा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "एक चोर बनवायचा."

त्या पडद्यामागे कधीकाळी दोघं असायचे. दादा आणि त्यांचा धाकटा भाऊ. एकाने लेथ चालवायचा, दुसऱ्याने दिवा धरायचा. संध्याकाळी घरी गेल्यावर आई दोघांच्या केसांतून पितळेचा कीस झाडायची आणि म्हणायची, माझी पोरं सोन्याची आहेत ती अशी. ज्या दुपारी नळ पहिल्यांदा न आदळता बंद झाला, त्या दुपारी दोघंही पाइपला कान लावून श्वास रोखून बसले होते. काहीच ऐकू आलं नाही. मग धाकटा उठला आणि कळशी डोक्यावर घेऊन कारखानाभर नाचला. 'दादा, दादा' असा त्याचा जप दिवसभर चालायचा. तो ऐकून कामगार दादा म्हणायला लागले, मग बाजार म्हणायला लागला. म्हणणारा निघून गेला आणि नाव तेवढं मागे राहिलं.

भांडण पडद्यावरूनच झालं. धाकट्याला वाटायचं, एवढं चांगलं काम लोकांना दाखवावं. दादांना वाटायचं, दाखवलं की गेलं. धाकटा वेगळा झाला आणि वर्षभरात त्याच्या दुकानात तसाच नळ आला. त्यानंतर त्याने पोस्टाने एक पाकीट पाठवलं. दादांनी ते न उघडता परत केलं. त्याला एकतीस वर्षं झाली. आईच्या अंत्ययात्रेतही दोघं दोन टोकांना उभे होते. खरं सांगायचं तर दादांना कळशी घेऊन नाचलेल्या त्या दुपारची आठवण रोज यायची, पण हे त्यांनी कधी कोणाजवळ बोलून दाखवलं नाही.

काकाला फोन लेकीने केला. दादांनी तिला करू दिला, एवढंच.

चार दिवसांनी काका वकीलबाईंच्या ऑफिसात आला. दादा आणि लेक आधीच येऊन बसले होते. केस पांढरे, चाल मात्र तीच, घाईची. त्याने पिशवीतून एक पिवळं पडलेलं जाड पाकीट काढलं. त्यावर त्याचं अक्षर होतं, आणि आडवं लिहिलेलं दादांचं: 'परत'. पोस्टाच्या जातानाच्या आणि येतानाच्या, दोन्ही शिक्क्यांवर तारखा स्पष्ट होत्या. पाकीट अजून बंदच होतं.

"माझं सूचिपत्रक आहे. प्रदर्शनात दीडशे प्लंबरांना वाटलं होतं," तो वकीलबाईंना म्हणाला. "त्यातल्या दोघांनी आपापली प्रत जपून ठेवलीय. साक्षीला यायला तयार आहेत. हे एक दादाला पाठवलं होतं."

"तुम्ही उघडलं नाही इतकी वर्षं?" वकीलबाईंनी विचारलं.

"त्याचं होतं ना. मी कसा उघडणार?"

वकीलबाईंनी सर्वांसमोर पाकीट कापलं. तिसऱ्या पानावर नळाचं चित्र होतं, मधोमध उभा छेद घेतलेलं. पितळी दांडा, स्प्रिंग आणि तिरकी खाच, मापांसकट. वकीलबाईंचा चेहरा खुलला. "झालं काम! तारीख आहे, चित्र आहे, लोकांत वाटलंय. आता त्यांना बोलू देत."

लेकीने हळूच पान दादांपुढे सरकवलं आणि चित्राखाली बोट ठेवलं. तिथे बारीक अक्षरात छापलं होतं: 'ही रचना माझ्या थोरल्या भावाची. खाच त्यालाच सुचली. मी फक्त दिवा धरला.'

दादांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. ओळ तीच होती. दीडशे प्लंबरांनी ती वाचली होती. दादांनी मात्र पाकिटावर 'परत' लिहिलं होतं. ते ठसठशीत अक्षर त्यांना आता बघवेना.

"तुमचं प्रतिज्ञापत्र लिहून घेते," वकीलबाई म्हणाल्या. "धाकट्या भावाने तुम्हाला न विचारता ही रचना घेतली, हे घालायचं का? केसला त्याने फरक पडत नाही. तुम्ही म्हणाल तसं."

दादांनी भावाकडे पाहिलं. काका पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत बसला होता. पंचविशीतही तो घाबरला की असंच करायचा.

"लिहा," दादा शेवटी म्हणाले. "माझ्या भावाने हा नळ उघडपणे, माझ्या नावाने विकला."

वकीलबाईंनी लिहिलं.

"आणि त्याने मला तसं कळवलं होतं. मीच बघितलं नाही. हेही लिहा."

"ते नको, दादा," काका पटकन म्हणाला.

"तू गप रे," दादा म्हणाले. एकतीस वर्षांत त्याच्याशी बोललेला हा त्यांचा पहिला शब्द. "बाई, लिहा तुम्ही."