एका हाताने

दोन सामने आम्ही जिंकलेले, दोन त्यांनी. पाचवा हरलो तर जपानचा टेनिस संघ खालच्या गटात जाणार, आणि संघाचा कान्तोकु, म्हणजे प्रशिक्षक, इनागाकी शूजी घरी. वरच्या मंडळींनी सकाळीच त्याला तसं ऐकवलं होतं.

मी संघाचा मालिशवाला, मिझोगुची. तरुणपणी शूजी आणि मी दुहेरीत जोडीदार. दुखतंय म्हणायचं सोडून तो महिनाभर 'दाईजोबु' म्हणत राहिला आणि सव्विसाव्या वर्षी मनगट कामातून घालवून बसला. ठीक आहे, काही नाही, काळजी नको. आमच्याकडे सगळं त्या एका शब्दाखाली झाकतात. मेला तो शब्द!

शेवटच्या सेटमध्ये आमचा सोहेई चार-दोन पुढे होता, पण त्याचे सोपे फटके जाळीत जायला लागले. चार-तीन झाल्यावर बाजू बदलताना तो बाकावर येऊन बसला.

"मनगट?" शूजीने विचारलं.

"दाईजोबु."

"मिझोगुचीला बघू दे."

"अहो कान्तोकु, दाईजोबु म्हटलं ना! दोनच गेम राहिलेत, घाम तरी पुसू द्या."

वर हसला. माझं डोकंच फिरलं. शूजीने मात्र वाद घातला नाही, नुसता हात पुढे केला. "पाण्याची बाटली दे जरा."

सोहेई क्योतोच्या मिठाईवाल्याचा मुलगा. मोठ्यांना काही द्यायचं तर दोन्ही हातांनी, हे त्याच्या अंगात मुरलेलं. त्याने बाटली दिली ती एका हाताने, डाव्या. उजवा टॉवेलखाली तसाच पडून राहिला.

शूजीचा चेहरा उतरला. पंचांनी वेळ संपल्याचं पुकारलं.

"नको, कान्तोकु," सोहेई कुजबुजला. "पाया पडतो तुमच्या. तुमची नोकरी जाईल."

"जाऊ दे. मनगट काय बाजारात मिळतं?"

शूजी पंचांकडे गेला आणि त्याने सामना सोडला. मग प्रेक्षकांपुढे कमरेत वाकला. "पळपुटा!" वरून कुणीतरी ओरडलं, मग शंभर जण ओरडले. त्या शंभरांना एकेक करून बदडावं असं मला वाटलं. तो वाकलेलाच राहिला.

आत खोलीत मी सोहेईचं मनगट हातात घेतलं. सुजून टम्म झालं होतं.

"मी जिंकलो असतो!" तो शूजीवर किंचाळला.

"हो," शूजी म्हणाला. "जिंकला असतास."

सोहेईने सुजलेला हात त्याच्यापुढे धरला.

"दुखतंय हो," तो म्हणाला. "फार दुखतंय."