एक ‘ए’ कमी

नोंदणी → अहवाल : थांबवलं
नोंदणी → अहवाल : थांबवलं
नोंदणी → अहवाल : थांबवलं

काळ्या खिडकीत ओळी सरकत होत्या. त्या दाखवणाऱ्या आज्ञेला विभागात सगळे चहाडखोर म्हणत. कोणी कोणाचं दार वाजवलं, त्याला आत घेतलं की परतवलं, तेवढं तो सांगायचा. का परतवलं, हे विचारलं तर तेही सांगायचा, पण अर्धंच.

पुन्हा, नीट.

तपासणी-केंद्राचे अहवाल सकाळपासून डॉक्टरांना दिसत नव्हते. केंद्राचा कारभार छोट्या छोट्या डब्यांतून चालायचा. एका डब्यात नोंदणीचा प्रोग्रॅम, दुसऱ्यात अहवालांचा, असे कितीतरी, आणि सगळे नेटवर्कवरून एकमेकांशी बोलत. कोणी कोणाशी बोलायचं याचे नियम नणंदेनं लिहिले होते. अहवालांचा नवा डबा आदल्याच दिवशी वहिनीनं बसवला होता.

नणंद आणि वहिनी हे तिथले हुद्दे नव्हेत. त्या नात्यानंच नणंद आणि वहिनी. नणंद मोडलेला संसार एका बॅगेत भरून भावाकडे आली, तेव्हा वहिनीनंच तिला इथे चिकटवलं. समोरासमोर टेबलं, मध्ये एक मेलेलं रोप. आणि महिनाभर कामापुरतं बोलणं.

अजून एकदा, घरून.

महिन्यापूर्वी नणंद दुकानात स्वेटर घालून बघत होती. आरशात स्वतःचा फोटो काढून तिनं वहिनीला पाठवला, कसा दिसतो म्हणून. उत्तर लगेच आलं, वहिनीच्या सवयीप्रमाणे इंग्रजी अक्षरांत. तू जड झालीस.

स्वेटर काढून, घडी घालून तिनं परत दिला.

वहिनीनं आडून कधी काही म्हटलं नव्हतं, म्हणून हे सरळच असणार: घराला ओझं झालीस. त्यानंतर ताटात वाढणंही कमी झालं. आधी वहिनी नको म्हणताना वाढायची, आता एकदाच वाढून भांडं झाकायची. भाऊ मान खाली घालून जेवायचा. त्याला काही कळत नसावं, किंवा सगळं कळत असावं.

तिनं एक खोली बघितली. लहान, पण खिडकीला लागून झाड. खोलीवाल्या बाईंना आज संध्याकाळपर्यंत हो की नाही कळवायचं होतं. ती हो म्हणणार होती. घरी अजून बोलली नव्हती.

नोंदणी → अहवाल : थांबवलं

“झालं का?” व्यवस्थापक खुर्चीमागे येऊन उभे राहिले. त्यांना पाठीमागे सगळे घाई म्हणत. “नसेल होत तर नियम काढून टाक सगळे. बोलू दे सगळ्यांना सगळ्यांशी.”

“लोकांचे आजार आहेत त्यात.”

“लोकांचे आजार डॉक्टरांनाही दिसत नाहीयेत सध्या.”

हेही खरंच होतं. “जेवणाच्या सुट्टीपर्यंत द्या,” ती म्हणाली.

“बरं. सुट्टी संपली की दारं सताड,” म्हणून ते दुसऱ्या खुर्चीमागे गेले.

तिनं पहिल्यापासून सुरुवात केली. नोंदणीच्या डब्यात शिरून अहवालचा पत्ता विचारला, तर बरोबर मिळाला. अहवालचा डबा जिवंत होता, स्वतःशी व्यवस्थित बोलत होता. नोंदणीची हाक त्याच्या दारापर्यंत पोचत होती आणि उंबऱ्यावर अडत होती. कारण विचारल्यावर चहाडखोर म्हणाला: नियमात बसत नाही.

नियम साधा होता. ज्या डब्याच्या पाटीवर ‘आवक’ लिहिलंय, त्याच्या दारात नोंदणीला प्रवेश. पाटीच नसेल, तर दार बंद.

“पाटी लावलीस का?” मेलेल्या रोपावरून तिनं विचारलं.

“लावली.”

“काय लिहिलंयस?”

“आवक. तुझ्याच नियमात आहे ना?”

तिनं पाटी बघितली. आवक. नियम बघितला. आवक. सारखेच. डोळा तसाही अक्षरं कुठे वाचतो, ओळखीचा चेहरा दिसला की पुढे जातो.

“वन्सं,” वहिनी म्हणाली. ती चिडली की नणंदेला वन्सं म्हणायची. “माझ्याच डब्यात खोट असणार असं धरून बसू नका. नियम तुमचे आहेत.”

“अक्षरं सांग.”

“काय?”

“पाटीवरची. एकेक.”

पाट्यांना देवनागरी चालत नाही, त्यामुळे मराठी शब्दही इंग्रजी अक्षरांत लिहायचे. वहिनीनं स्क्रीनला नाक लावलं. “ए, व्ही, ए, के.”

“सुरुवातीला दोन ए.”

“दोन कशाला?”

“आ आहे म्हणून. नाहीतर अवक होईल.”

“अवक असा शब्द तरी आहे का? कोण वाचणार अवक?”

“यंत्र.”

“यंत्र वाचतं कुठे. जुळवून बघतं नुसतं.” वहिनी स्वतःशीच हसली. “मी जन्मात आ ला दोन ए दिले नाहीत. समजायचं त्याला समजतं.”

नणंदेचा हात कीबोर्डवर होता तो तिथेच राहिला.

मग तिनं फोन उघडला. वर, वर, खूप वर. स्वेटरचा फोटो, खाली तीन शब्द. मधला शब्द: जे, ए, डी. तिनं फोन रोपावरून पलीकडे धरला.

“हे वाच. मोठ्यानं.”

“तू जाड झालीस,” वहिनीनं वाचलं. “मग? झालीच होतीस. आलीस तेव्हा मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत घसरायचं. त्या फोटोत ते जागच्या जागी होतं. मला इतकं बरं वाटलं की—”

ती थांबली. नणंदेच्या तोंडाकडे बघत राहिली. मग पुन्हा फोनकडे. यावेळी तिचे ओठ हलले, आ न करता.

“अगं,” ती म्हणाली.

“आणि वाढायचीस कमी,” नणंद म्हणाली.

“तुला जाड म्हटल्याचा राग आला असं वाटलं मला. म्हटलं, बाई वजन सांभाळतेय, आग्रह कशाला करा.” वहिनीनं नाक ओढलं. “तुझा भाऊ रोज विचारायचा, ही अर्धपोटी का उठते. त्याला म्हटलं, बायकांच्यात पडू नकोस.”

नणंदेला हसू आलं आणि ते धड बाहेर येईना. महिनाभर दोघींपैकी कोणीच खोटं वागलं नव्हतं. एकीनं चुकीचं वाचलं, आणि पुढचं सगळं त्या चुकीशी तंतोतंत जुळत गेलं.

“माझी पाटी बदलते,” वहिनी म्हणाली.

“राहू दे. नियमातच दोन्ही घालते.”

“घाण दिसेल.”

“दिसू दे.”

तिनं नियमात एक ओळ वाढवली. दोघी चहाडखोराच्या खिडकीकडे बघत बसल्या.

नोंदणी → अहवाल : थांबवलं
नोंदणी → अहवाल : पोचलं
नोंदणी → अहवाल : पोचलं

घाई आलेच. “काय होतं?”

“शुद्धलेखन,” वहिनी म्हणाली.

त्यांना तो विनोद वाटला. ते हसत निघून गेले.

खोली वाईट नव्हती. ते झाड तिला अजूनही आवडत होतं, आणि कधीतरी तशी खोली घ्यावी असंही तिला वाटत होतं, पण हाकललं म्हणून नव्हे. तिनं खोलीवाल्या बाईंना लिहिलं, देवनागरीत, कीबोर्ड बदलून, एकेक अक्षर शोधत: आत्ता नको. माफ करा.

उत्तर इंग्रजी अक्षरांत आलं. ते ‘बरं’ असावं, किंवा ‘बारा’.