दोन नंबरच्या हिरवळीतली गांडुळं

माझा आवाज मोठा आहे हे क्लबात सगळ्यांना ठाऊक आहे. चाळीस वर्षं मी तो एकाच कामाला वापरला, हिरवळीवरून माणसं हाकलायला. उंच टाचांचे बूट घालून फोटो काढायला आलेली एक नवरी मी नवऱ्यासकट बाहेर काढली होती. त्यामुळे फेब्रुवारीच्या सभेत मी उभा राहून ओरडलो, "दोन नंबरच्या हिरवळीला कुणी फावडं लावायचं नाही!" तेव्हा सगळे हसले. मागून कुणीतरी म्हणालं, "क्लेम, ते गवत आहे रे, तुझी बायको नाही." मी खाली बसलो. खरं कारण सांगितलंच नाही.

आमचा हॅनिगन स्ट्रीटचा बोलिंग क्लब म्हणजे दोन चौकोनी हिरवळी, एक बार आणि दर शुक्रवारी मटणाची सोडत. गोळे घरंगळवत खेळायचा हा खेळ म्हाताऱ्यांचा, आणि आमच्या ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलचे म्हातारे भराभर संपत चाललेत. एक नंबरवर अजून खेळ चालतो. दोन नंबर सहा वर्षं रिकामी पडली होती. तिथे भाजीची बाग करायची, आसपासच्या घरांना वाफे वाटून द्यायचे, दुकानातली प्लास्टिकात गुंडाळलेली, हजार मैलांवरून आलेली भाजी बंद करायची, असा ठराव ब्रॉनी कीओनं आणला होता. ब्रॉनी क्लबासमोरच राहते, इस्पितळात नर्स आहे, आणि तिची दोन वर्षांची पोर हाताला लागेल ते तोंडात घालते. सभेत तिनं बारच्या भिंतीवरचा जुना फोटो काढून सगळ्यांसमोर धरला. "यांनी केलं, मग आपल्याला काय धाड भरलीय?" असं तिचं म्हणणं.

तो फोटो मी जन्मापासून पाहत आलोय. त्यात मीही आहे, फक्त दिसत नाही. १९४३ साल. दोन नंबरवर अकरा बायका फावडी घेऊन उभ्या आहेत, पायाशी कोबीचे गड्डे. डावीकडून तिसरी, पोट पुढे आलेली, ती माझी आई, मर्टल प्रोबर्ट. तेव्हा बायकांना क्लबचं सदस्य होता येत नसे. त्यांनी शनिवारी चहा-केक करून आणायचे आणि कपबशा विसळायच्या. लढाई आली. निम्मे पुरुष आघाडीवर गेले, उरलेले पोलादाच्या कारखान्यात दोन-दोन पाळ्या करू लागले. तेव्हा या अकराजणींनी दोन नंबरचं गवत उपटलं आणि इस्पितळासाठी गाजरं, कोबी आणि सिल्व्हरबीटची पालेभाजी पिकवली. जपानी पाणबुडीनं गावावर तोफगोळे टाकले त्याच्या दुसऱ्या दिवशीही आई खुरपणीला गेली होती. "गोळे पडले म्हणून तण वाढायचं थांबतं का?" असं ती म्हणायची.

लढाई संपली तेव्हा कमिटीनं बायकांना आभाराचं पत्र आणि चहाचा एक ट्रे दिला, आणि हिरवळ परत मागितली. आईनं ट्रे घेतला. मग माती न्यायला सुरुवात केली. दूधवाल्याच्या घोड्यामागे बादली घेऊन धावत तिनं लीद जमवली होती, चुलीतली राख घातली होती, पाला कुजवला होता. ती माती तिनं ढकलगाडीतून घरी नेली, चाळीस खेपा करून परसात ओतली. सेक्रेटरी आडवा आला तेव्हा म्हणाली, "हिरवळ तुमची. माती आमची."

आणि अशा बाईचा मुलगा मी, सोळाव्या वर्षी त्याच क्लबात माळी म्हणून लागलो.

गांडूळ शेतकऱ्याचा मित्र असेल, आमचा वैरी. ते वर येऊन मातीची बारीक ढिगुली टाकून जातं, आणि घरंगळत आलेला गोळा तिच्यावर अडखळून तिरका जातो. एक नंबरवर गांडुळं बेताची होती. दोन नंबरवर मात्र आईनं नेल्यावर उरलेल्या मातीतही इतका जीव होता की पावसानंतर पाय ठेवायला जागा नसे. त्यावर औषध मिळायचं, शिसं आणि आर्सेनिकची पांढरी भुकटी. बुरशीसाठी पाऱ्याचं वेगळं. तेव्हा ते सगळीकडेच वापरत. डब्यावर लिहिलेलं असे, वर्षातून एकदा. मी दोन नंबरला दोनदा घालायचो. बंदी येईपर्यंत घातलं.

राज्याची स्पर्धा आमच्याकडे भरली त्या वर्षी मी आईला ऐटीत सांगितलं, "दोन नंबरवर एक गांडूळ शोधून दाखव आता!"

आई शेंगा सोलत होती. तिचे हात थांबले. "एकही नाही?"

"एकही नाही."

तिनं शेंगांची परात बाजूला सारली. मग म्हणाली, "ते डबडं माझ्या परसात आणायचं नाही, क्लेम." मला वाटलं, म्हातारीला पोराचं कौतुक नाही. आज ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

तर ठराव पास झाला. पुढच्या रविवारी ब्रॉनीनं दोन नंबरच्या कोपऱ्यात हातभर खणलं. मी बाकड्यावर राखणीला बसलो होतो.

"क्लेम, तुमच्या हिरवळीत गांडूळच नाही हो. माती मेलीय की काय?"

"वाळू आहे खाली," मी म्हणालो. ते अर्धं खरं होतं.

"मग काय, माझ्या घरच्या खतातली सोडते बादलीभर. कामाला लागतील."

तिनं सोडली. आठवड्यानं पुन्हा खणलं तेव्हा सहा सापडली, तीही मेलेली. ब्रॉनी ती तळहातावर घेऊन बघत होती. तिची पोर खड्ड्याशी फतकल मारून बसली होती. तिनं मूठभर माती उचलली, मूठ तोंडाकडे निघाली, आणि मी ओरडलो. नवरीवर ओरडलो होतो त्याच्या दुप्पट. पोरीनं भोकाड पसरलं.

ब्रॉनी लालबुंद झाली. "एवढ्याशा पोरीवर ओरडता? गवतासाठी?"

"गवतासाठी नाही. तिचे हात धू. आधी हात धू, मग मला काय हवं ते बोल."

नळाखाली ती पोरीचे हात चोळचोळून धूत होती आणि मी शेजारी उभा राहून सगळं सांगितलं. डबे, वर्षातून दोनदा, एकूण किती वर्षं. तिनं तेच हात तीनदा धुतले.

"सभेत का नाही सांगितलंत?"

"लाज वाटली."

"लाज! शिसं लहान मुलांच्या मेंदूचं काय करतं ते मला विचारा, मी नर्स आहे. आठवडाभर हिला इथे आणून बसवत होते मी. आणि तुम्ही त्या बाकड्यावरून बघत होता!"

मी बघत होतोच. दुसऱ्या दिवशी तिनं पोरीचं रक्त तपासून घेतलं. त्यात काही निघालं नाही, हे सांगायला ती माझ्या दारात आली, सांगितलं आणि चहाला न थांबता गेली. मी दार लावून रडलो. एकोणऐंशी वर्षांचा माणूस मी, पण रडलो.

मग मी क्लबचा अध्यक्ष नेव्ह डूलन याच्याकडे गेलो. नेव्ह माझ्यासोबत शाळेत होता. त्यानं ऐकून घेतलं, बिअरचा घोट घेतला आणि दार नीट लागलंय का ते पाहिलं.

"क्लेम, बागेच्या नावावर नगरपालिका पैसे देऊन आपल्याला जगवणार आहे. विषाचं नाव काढलंस की बाग गेली आणि क्लबही गेला. झाकली मूठ सव्वा लाखाची, गड्या."

"त्या मुठीत शिसं आहे, नेव्ह."

"कशावरून? तू म्हणतोस म्हणून? जन्मभर लोकांवर ओरडलास, आता म्हणतोस लांडगा खरंच आलाय. कोण ऐकणार तुझं? म्हणतील, म्हाताऱ्यानं गवत वाचवायला नवी शक्कल काढली."

तो चुकीचं बोलत नव्हता. म्हणून मी पुरावा आणायचं ठरवलं. विद्यापीठात परसातली माती तपासून देतात, हे ब्रॉनीला माहीत होतं. मी तिच्याकडे दोन पिशव्या घेऊन गेलो.

"एक दोन नंबरची. ही दुसरी कशाची?" तिनं विचारलं. अजून माझ्याकडे नीट बघत नव्हती.

"माझ्या परसातली. आईनं नेलेली माती. तिथे मी कधी काही घातलं नाही. पण गावात कारखाना होता, घराला जुना रंग होता. नुसत्या भरवशावर मी परत कुणाला काही खाऊ घालणार नाही."

तिनं पहिल्यांदा मान वर केली. पिशव्यांवर नावं तिनंच लिहिली.

निकाल यायला तीन आठवडे लागले. दोन नंबरच्या मातीत शिसं मर्यादेच्या चौपट, आर्सेनिक त्याहून वाईट. परसातली माती साफ. भाजी लावायला उत्तम, असं त्यांनी लिहून दिलं होतं.

सभेत नेव्हनं विषय शेवटाला ढकलला. तोवर निम्मे लोक सोडतीचं मटण पिशवीत घालून दाराकडे बघत होते. मी उठलो आणि तो कागद वाचला. या वेळी ओरडलो नाही. बहुधा म्हणूनच सगळे वळले.

"हे मी घातलं," मी म्हणालो. "माझ्या आईनं तीन वर्षं खपून जी माती केली, तिच्यात मी हे घातलं, आणि गांडुळं मेली याची फुशारकी मारली. दोन नंबर खणायची नाही. गवत आहे तसं राहू दे, माती झाकलेली राहील. पण बाग झाली पाहिजे."

"कुठे?" कुणीतरी विचारलं.

ब्रॉनी उठली. "गाड्या लावतो त्या जागेच्या मागच्या अर्ध्या भागात. खाली डांबर आहे, वर पत्र्याचे उंच वाफे बसवू. एवीतेवी तिथे तीनच गाड्या असतात, त्यातली एक नेव्हची बंद पडलेली."

"आणि एवढी माती कुठून आणणार?" नेव्ह म्हणाला.

"माती माझ्याकडे आहे," मी म्हणालो.

आई गेल्यावर परसात मी हिरवळ केली होती. माळ्याच्या घरची हिरवळ, पण दर पावसानंतर तिच्यावर ढिगुल्याच ढिगुल्या. तीस वर्षं मला तिची शरम वाटत होती. ती मी स्वतः फाडली. खाली दीड हात काळी, भुसभुशीत माती निघाली, आणि फावड्याच्या प्रत्येक घावाला शेवयांचा गुंता उलगडावा तशी गांडुळं. गुडघे बोंबलत होते, पण मी थांबलो नाही. ढकलगाडी भरायची, हॅनिगन स्ट्रीटनं क्लबापर्यंत न्यायची, रिकामी घेऊन परत यायचं. रस्ता तोच, आईच्या उलट दिशेनं.

दुसऱ्या दिवशी फाटकात नेव्ह उभा, स्वतःची ढकलगाडी घेऊन.

"माफीबिफी मागायला नाही आलो," तो म्हणाला. "तू वाटेत मेलास तर क्लबात कळवायला कुणीतरी हवं."

"मग मागे राहा. पुढे राहिलास तर तुलाच उचलावं लागेल."

दोन नंबरच्या कुंपणावर त्यानं एक पाटी लावली होती, 'काम चालू, प्रवेश बंद'. मी ती काढली आणि घरून रंगवून आणलेली लावली. 'इथे शिसं आणि आर्सेनिक आहे. इथलं काही खाऊ नका. मुलांना मातीत खेळू देऊ नका. हे मी घातलं. क्लेम प्रोबर्ट, माळी.'

नेव्हनं ती दोनदा वाचली. "नाव कशाला रे टाकलंस?"

"हिरवळ चांगली होती तेव्हा बक्षिसाच्या फळीवर माझंच नाव होतं ना?"

पाटी वाकडी लागली होती, ती नेव्हनं सरळ केली.

पंचवीस एप्रिलच्या अँझॅक डेच्या, म्हणजे लढाईतल्या सैनिकांच्या स्मृतिदिनाच्या आत ब्रॉड बीन्सच्या शेंगा पेरायच्या, हा इथला नेम. आदल्या दिवशी दुपारी एक्केचाळिसावी खेप मी शेवटच्या वाफ्यात ओतली. आईपेक्षा एक जास्त. वाफ्यांवर त्या अकराजणींची नावं ब्रॉनीनं आधीच लावली होती, आणि बिया ओंजळीत घेऊन सगळे उभे होते.

ब्रॉनीची पोर वाफ्याच्या कडेवर लोंबकळत होती. तिनं आत हात घातला आणि मूठभर माती उचलली. मुठीतून एक गांडूळ वळवळत बाहेर आलं. मूठ तोंडाकडे निघाली. सगळे माझ्याकडे बघू लागले. ब्रॉनीही.

मी ओरडलो नाही. पोरीनं माती चाखली, तोंड वाकडं केलं आणि थुंकली. ब्रॉनी हसली आणि बाहीनं तिचं तोंड पुसलं.

"गांडूळ तेवढं परत ठेव, बाळा," मी म्हणालो.