दोन बोटं माया

टेलरमास्तरांनी उभ्या आयुष्यात मैद्याला हात लावला नव्हता, आणि आज सकाळपासून कोपरापर्यंत मैद्यात होते. कारण एकच. बायकोची लेक हॉस्टेलवरून येणार होती. लग्नाला वर्ष होत आलं, पण मागच्या सुट्टीत पोरगी एक रात्र राहिली आणि "मैत्रिणीकडे जाते" म्हणून जी सटकली, ती सुट्टी संपेपर्यंत फिरकली नाही. यंदा तरी टिकावी, एवढंच मास्तरांचं मागणं.

"तिला चेरी पाय आवडतो, पण तुम्ही त्या फंदात पडू नका," दवाखान्यात ड्यूटीला जाताना बायको म्हणाली होती. मास्तर पडलेच.

चेरीच्या बिया त्यांनी दाभणानं काढल्या, एकदम झकास. साखर घालून सारण शिजवलं. मग टेपनं डबा मोजला आणि लाटलेली पोळी अशी बेतली की सूतभर इकडे ना तिकडे. ती डब्यात बसवून ओव्हनमध्ये सरकवली. बाहेर काढतात तर काय, पोळी आटून तळाशी बसलेली, बाळाच्या टोपड्याएवढी. मास्तरांनी कपाळाला हात लावला. कापड आटतं हे ज्याला झोपेतही ठाऊक, त्यानंच असा गाढवपणा करावा?

दुसरी पोळी लाटून डब्यात बसवत होते, तेवढ्यात पोरगी दारात. गळ्यात टेप अडकवलेल्या मास्तरांकडे ती बघतच राहिली.

"काका, हे काय चाललंय?"

"पाय."

"कुणाचा?"

"चेरीचा."

ती हसू दाबत जवळ आली. पोळी डब्याबाहेर चहूकडून लोंबत होती. "एवढी जास्तीची कशाला?"

"माया सोडलीय, दोन बोटं, शिवणीत जास्तीचं कापड सोडतो तशी," मास्तर मान वर न करता म्हणाले. "आटलं तरी उणं पडायला नको. नंतर कितीही हळहळलं तरी न सोडलेली माया आणायची कुठून?"

पोरगी पाठ फिरवून बॅग ठेवायला आत निघून गेली. झालं, आपलं काहीतरी चुकलं, असं मास्तरांच्या मनानं घेतलं.

पाय मात्र फर्मास झाला. फक्त कड उशीएवढी जाड. पोरीनं चेरी बाजूला सारून नेमकी ती कडच खाल्ली.

"चेरी नाही आवडत?"

"चेरी आईला आवडतात. मला पहिल्यापासून कडच आवडते. आईला सांगू नका."

मास्तरांनी गुपचूप आपली कड तिच्या ताटलीत सरकवली आणि तिच्या चेरी स्वतःकडे ओढल्या. मग सुरी धुवायला उठले. तेवढ्यात तिचा फोन वाजला. मैत्रीण होती. मास्तरांनी नळ बारीक केला.

"नाही गं, या सुट्टीत नाही येत," पोरगी तोंडातला घास चावत सांगत होती. "अगं, इथे माया फार सोडलीय. संपेपर्यंत राहावं लागेल."

मास्तरांना एकदम भरून आलं. त्यांनी नळ मोठा सोडला आणि धुतलेली सुरी पुन्हा धुवायला घेतली.