आधी पाणी

बाबांनी मला मुलगी म्हणून ओळखणं सोडलं, तेव्हा मी रडले-बिडले नाही. कारण त्याच आठवड्यात ते मला एककर्णी म्हणून ओळखायला लागले, आणि खरं सांगायचं तर मुलीपेक्षा एककर्णीचा घरात वट जास्त होता.

एककर्णी म्हणजे ‘मिठाचा मुकुट’मधली सेनापती. ‘मिठाचा मुकुट’ माहीत नसेल तर तुमचं नशीब. नऊ खंड, एकेक विटेएवढा. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. इमारतीच्या गच्चीखाली मोटरची खोली असते, तिथे बसून सुट्या भागाची वाट बघत त्यांनी ते नऊच्या नऊ खंड वाचले, आणि संपले की पुन्हा पहिल्यापासून. घरी जेवताना आम्हाला वाचून दाखवायचे. दादा ताटावरच पेंगायचा. मी कान देऊन ऐकायचे. म्हणजे एकच कान, कारण डावा लहानपणीच दुखून दुखून गेला. शाळेत पोरं डावीकडून हाका मारायची आणि मी वळले नाही की खिदळायची. एकदा मी रडत घरी आले तर बाबांनी दुसरा खंड उघडून पुढ्यात ठेवला. “ही बघ. हिचाही एक कान लढाईत गेला. आणि अख्खी फौज हिला टरकून असते. रडतेस काय?”

तेव्हापासून मी एककर्णी. आणि तेव्हापासून बाबा नेहमी माझ्या उजवीकडे बसायचे.

पुढे त्यांच्या डोक्यातून एकेक गोष्ट निसटायला लागली. आधी घराचा रस्ता, मग दादा, मग मी. एका सकाळी मी गोळी घेऊन गेले तर दात घट्ट मिटून, घरात चोर शिरावा तसे बघायला लागले. काही तरी म्हणाले, ते नेमकं डाव्या बाजूने. मला ऐकू आलं नाही. मी मान वळवून उजवा कान पुढे केला, आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. “एककर्णी?”

मी काय करणार? म्हटलं, “शिपाई, गोळी घ्या. हुकूम आहे.”

गपकन गिळली की हो!

त्यानंतर आमचं बरं चाललं होतं. मी कपडे उसवून मापात बसवायचं काम करते, घरीच. पुढच्या खोलीत मशीन, शेजारी लोकांच्या पँटींचा ढीग, आणि खिडकीत बाबांची खुर्ची. मी चेन बसवता बसवता ओरडायचे, “शिपाई, सूप गार होतंय!” आणि खुर्चीतून खणखणीत उत्तर, “आत्ता घेतो, सेनापती!” हसू नका. अनोळखी माणसाच्या हातून बाबा घोटभर पाणीसुद्धा घेत नव्हते. नर्स ठेवून पाहिली, तिच्या अंगावर थुंकले. एककर्णी होती म्हणून ते जगत होते, इतकी साधी गोष्ट.

दादाला हा सगळा पोरखेळ वाटायचा. तो दुसऱ्या गावी असतो आणि तिथून फोनवर शहाणपण पाठवतो. त्याने एका संस्थेत बाबांसाठी खोली बघून ठेवली होती. मी बघून आले होते ती संस्था. स्वच्छ, शांत, आणि खात नाहीत त्यांच्या नाकात नळी. दादा म्हणाला, “तुझ्या हातून खातायत तोवर राहू देत तुझ्याकडे. ज्या दिवशी खाणं बंद होईल त्या दिवशी मी गाडी घेऊन येणार. मग वाद घालायचा नाहीस.”

मी कबूल केलं. म्हटलं, एककर्णी आहे तोवर कसली काळजी?

आणि मग त्या मेल्यांनी ‘मिठाचा मुकुट’ची मालिका काढली.

ज्याने आयुष्यभर एखाद्या पुस्तकावर जीव टाकलाय त्यालाच कळेल मला काय झालं ते. झलक आली आणि मी मशीनवरचं काम टाकून ती इतक्या वेळा पाहिली की एका गिऱ्हाइकाच्या पँटीचा एक पाय आखूड शिवला. चाहत्यांचा मेळावा भरायचा दरवर्षी, त्यातली सगळी मंडळी फोनवर वेड्यासारखी बोलत होती. मग बातमी आली की पाणक्याला काढून टाकलंय. माझं डोकंच फिरलं, दिवसभर बाबांपुढे त्या लोकांना शिव्या घातल्या.

पाणक्या कोण, ते सांगायला हवं. तिसऱ्या खंडात मोजून चार पानं आहे तो. लढाई संपलीय, मैदानात दोन्हीकडचे जखमी पडलेत, आणि तोंडाला फडकं गुंडाळलेला एक पाणक्या पखाल घेऊन फिरतोय. जो तो विचारतो, कोण तू? कुणी पाठवलं? कुठल्या बाजूचा? आणि तो प्रत्येकावर खेकसतो, “ते नंतर. आधी पाणी.” बस, एवढंच. पुन्हा कधी येत नाही. मेळाव्यात आमची भांडणं व्हायची की तो बाप्या की बाई. बाबा म्हणायचे, “बाईच. इतकं करवादून पाणी पाजणारी बाईच असणार,” आणि माझ्याकडे बघून हसायचे. ती चार पानं त्यांनी कधी कोरड्या डोळ्यांनी वाचली नाहीत. आणि मालिकावाल्यांना तीच नकोशी झाली! कथा रेंगाळते म्हणे. हे बोलताना तुमच्या जिभा का नाही रेंगाळल्या?

डॉक्टरांनी सांगितलं होतं, बाबांना फार नवीन काही दाखवू नका. दादा तर फोनवर ओरडलाच, “ते भूत आता टीव्हीवर आणू नकोस.” पण मला वाटलं, बाबांनी ज्याची जन्मभर वाट पाहिली ते आलंय आणि त्यांनाच दाखवायचं नाही? कदाचित ते बघून आणखी काही जागं होईल. कदाचित मी. आणि खरं म्हणजे मला ते त्यांच्याशिवाय बघवलंच नसतं. हे काही उपकार नव्हते, माझा हट्ट होता.

दुपारी पडदे ओढले. बाबांची खुर्ची माझ्या उजवीकडे घेतली. मालिका सुरू झाली आणि समुद्रातून पांढराशुभ्र मिठाचा किल्ला वर आला. बाबांनी माझा हात करकचून धरला. “खारा दरवाजा! आता डावीकडे बुरूज, बघ!” आणि डावीकडे बुरूज आला. कित्येक महिन्यांत त्यांना पुढचं काही माहीत नव्हतं, आणि इथे ते एकेक गोष्ट यायच्या आधी सांगत होते. मला इतका आनंद झाला की काय सांगू! मनात म्हटलं, बघ दादा, बघ शहाण्या.

मग एककर्णी आली. उंच, खांद्यावर काळा झगा, कानाच्या जागी भाजल्याचा डाग. नटी चांगली होती, खोटं कशाला बोलू. माझ्याच अंगावर काटा आला. बाबा खुर्चीतून उठले, पाय जुळवले आणि पडद्याला सलाम ठोकला.

मग खाली बसले, माझ्या हातातला हात काढून घेतला आणि अदबीने विचारलं, “आणि आपण कोण?”

मी म्हटलं, “एककर्णी.”

त्यांनी पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “बाई, कशाला सोंग घेता? त्या बघा तिथे आहेत.”

करायला गेले काय आणि होऊन बसलं काय! संध्याकाळी सूप नेलं तर दात घट्ट. “शिपाई, तोंड उघडा, हुकूम आहे,” म्हटलं तर तुच्छतेने तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी मी मेळाव्यासाठी शिवलेला झगा पेटीतून काढून घातला. त्यांनी खिडकी उघडून रस्त्यावरच्या लोकांना हाका मारल्या, “अहो, धावा, ही बाई सेनापतींचा वेष घेऊन घरात घुसलीय!” समोरचा वाणी वर येऊन बघून गेला, आणि मी झग्यात उभी. मग म्हटलं, चला, तिचीच मदत घेऊ. मालिका लावली आणि तिचा प्रवेश आला की चमचा पुढे केला. तर ताठ बसून राहिले. हुकूम मिळाल्याशिवाय सेनापतीसमोर शिपाई जेवत नाहीत म्हणे! नियम त्यांचा बरोबर होता. चौथ्या खंडात आहे.

एककर्णी टीव्हीत निघून गेली होती, आणि माझ्याकडे द्यायला दुसरं कुणी नव्हतं. मी आळीपाळीने सगळे होऊन पाहिलं. राणी झाले, वैद्य झाले, चुलत राजकन्यासुद्धा झाले. प्रत्येकाचा चेहरा त्यांनी त्या एका दुपारी पडद्यावर पाहून ठेवला होता. जन्मदात्या बापाला स्वतःचं नाव सांगितलं तर ते म्हणाले, “असेल.” त्यांचे ओठ सुकून तडकले. मी कापूस भिजवून लावायला गेले तर हात झटकला. त्या माणसाच्या मनगटात आता काय जोर होता? तरी झटकला.

दादाला कळवावं लागलं. तो ओरडला नाही, हेच वाईट. म्हणाला, “उद्या दुपारी येतो. कपडे भरून ठेव.”

मी भरले. पिशवीत पहिला खंडही ठेवला आणि परत काढला. वाचणार कोण त्यांना तिथे?

दादा यायची वेळ झाली तरी मी त्यांच्या खुर्चीशी जमिनीवर बसले होते, हातात पाण्याचा पेला. विनवण्या करून करून घसा बसला होता. “बाबा, एक घोट. एकच. नाही तर तुम्हाला घेऊन जातील हो.” ते वरून माझ्याकडे संशयाने बघत होते.

“कोण तुम्ही?” त्यांनी विचारलं. आवाज कागदासारखा कोरडा. “कुणी पाठवलं? कुठल्या बाजूच्या?”

मी शपथेवर सांगते, मी ठरवून काही बोलले नाही. माझा संतापच झाला. तीन दिवस तेच ते, कोण तुम्ही, कोण तुम्ही. मी अंगात होतं नव्हतं तेवढं बळ आणून खेकसले, “ते सगळं नंतर! आधी पाणी!”

बाबा थबकले.

त्यांनी वाकून माझा चेहरा नीट पाहिला. कपाळ, डोळे, रडून लाल झालेलं नाक. मग त्यांनी दोन्ही हातांनी पेला धरला, आणि प्यायले. अर्ध्याच्या वर प्यायले. हनुवटीवरून ओघळलेलं मला पुसू दिलं.

“तुम्ही होय,” ते हळूच म्हणाले. “तुम्हाला काढून टाकलं हो त्यांनी.”

“हो ना,” मी म्हटलं.

“नालायक आहेत. काय कळतंय त्यांना?”

“काही कळत नाही, बाबा.”

मी सूप आणलं. कोमट झालं होतं, तसंच आणलं. मी चमचा पुढे करत होते, ते तोंड उघडत होते. दाराचं कुलूप वाजलं, दादाकडे किल्ली होती, तो आत येऊन दारातच उभा राहिला. मी त्याला हाताने थांब म्हटलं. तो थांबला. भरलेली पिशवी त्याच्या पायाशी होती, तिला त्याने हात लावला नाही.

बाबा काही तरी बोलले. मी त्यांच्या उजवीकडे होते, माझा डावा कान त्यांच्या बाजूला. मी मान फिरवून विचारलं, “काय म्हणालात?”

“अरेच्चा,” ते म्हणाले. “तुमचंही तसंच का? माझ्या मुलीला डाव्या कानाने ऐकू येत नाही.”

मी चमचा परत सुपात बुडवला.

“बरेच दिवस दिसली नाही,” बाबा म्हणाले. “तुम्ही सगळीकडे फिरता. कुठे दिसली तर उजवीकडून हाक मारा. डावीकडून मारली तर वळत नाही, आणि लोकांना वाटतं शिष्ट आहे. शिष्ट नाही हो ती. चिडकी आहे.”

“बरं,” मी म्हटलं.

“आणि तिला सांगा, बाबा जेवला. काळजी करत असेल.”

दादाने भिंतीकडे तोंड फिरवलं. मी शेवटचा चमचा भरला, बाबांच्या ओठांना लावला, आणि त्यांनी तो घेईपर्यंत थांबले.

“सांगते,” मी म्हटलं. “भेटली की सांगते.”