डब्यातला चंद्र

केप टाउनमध्ये बापलेकांची भांडणं रग्बीवरून होतात, गाडीच्या किल्लीवरून होतात, सुनेच्या हातच्या कालवणावरूनही होतात. आमच्या घरात ती चंद्रावरून होत. माझे सासरे आर्मीन, ज्यांना अख्खी वस्ती मानाने 'बूया' म्हणते, ते चंद्र बघणारे. माझा नवरा इगसान चंद्राचे फोटो काढणारा. ऐकणाऱ्याला वाटेल, दोघांचं काय मस्त जमत असेल. डोंबलाचं जमतंय.

बूयांचं काम जुनं आणि मानाचं. महिन्याची एकोणतिसावी संध्याकाळ आली की आमच्यातले काहीजण सी पॉइंटला समुद्राकाठच्या भिंतीशी उभे राहतात आणि सूर्य बुडाला की नवा चंद्र शोधतात. दिसला तर महिना संपला, नाही तर आणखी एक दिवस. पण तो नुसत्या डोळ्याला दिसायला हवा. दुर्बीण चालत नाही, गणित चालत नाही, फोटो तर नाहीच नाही. रमजानच्या शेवटी त्या भिंतीपाशी चटया, डबे, पोरंबाळं घेऊन सगळी वस्ती लोटते. बूया तरुणपणापासून तिथे उभे. त्यांनी "दिसला" म्हटलं की शहरभर ईद. त्यांच्या त्या एका शब्दावर घराघरांतले ओव्हन पेटलेले मी पाहिलेत.

इगसान फ्रिज दुरुस्त करतो आणि उरलेल्या वेळात आकाश. त्याच्या दुर्बिणीपायी माझी कपडे वाळत घालायची दोरी गेली, शेजारणीशी तिच्या अंगणातल्या दिव्यावरून दोनदा वाजलं, आणि आमच्या लग्नाच्या वाढदिवशी मी 'करू' नावाच्या ओसाड माळरानात थंडीने कुडकुडत बसले, कारण तिथे आकाशगंगा चांगली येते. चिडले होते मी. पण ती आली तेव्हा माझं तोंड बंद झालं, हेही खरं. त्याने काढलेला शनी मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं, कुठल्या तरी पुस्तकातून उचललाय. म्हटलं, शपथ घे. त्याने हसत हसत सगळं दाखवलं. वरची हवा सारखी हलत असते, म्हणून तो एका ग्रहाची हजारो चित्रं घेतो, मी तांदूळ निवडते तशी त्यातली स्वच्छ तेवढी निवडतो, आणि ती एकावर एक रचून एक करतो. त्या निवडण्यात त्याचे आठवडे जातात. इतका धीर माणसाला फ्रिज दुरुस्त करून येत नाही, तो मुळातच असावा लागतो. मला त्याचं फार कौतुक वाटतं, आणि ते मी त्याला फारसं सांगत नाही, नाहीतर उद्या उरलेली दोरीही जायची.

बूया मात्र त्या सगळ्याला "डबा" म्हणत.

"बूया, एकदा बघा तरी," इगसान म्हणे. "चंद्रावरचे डोंगर दिसतात."

"चंद्र बघणाऱ्याने डब्यात बघायचं नसतं. डोळा लाडावतो."

"अहो, पण आज काही साक्ष द्यायची नाहीये!"

"म्हणून लाड करायचे का?"

झालं. बोलणं तिथेच संपे. भिंतींवर इगसानचे गुरू आणि शनी टांगलेले, आणि बूया त्यांच्याखालून मान खाली घालून जात.

मग बूयांचे डोळे गेले. पूर्ण नव्हे, नजरेच्या बरोबर मधोमध एक डाग बसला. समोरच्या माणसाचे कान दिसत, तोंड दिसत नसे. काही बघायचं असेल तर कोंबडी दाण्याकडे बघते तशी मान वाकडी करत. एक दिवस त्यांनी चहा कपाच्या शेजारी ओतला आणि मी काही बोलायच्या आत म्हणाले, "रुगाया, हा रमजान होऊ दे. मग मी भिंतीपाशी सांगतो सगळ्यांना. एकदा शेवटचा बघू दे मला." घरात आम्हां तिघांनाच माहीत होतं. तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला. चंद्र दिसला नाही आणि हौसेपोटी हे "दिसला" म्हणून बसले तर? त्या माणसाने आयुष्यभर दुसरं काही कमावलंच नव्हतं, कमावला होता तो हा शब्द.

त्या वर्षी चंद्र अवघड होता. या मोसमात तो सूर्याच्या उजवीकडे, पार पाण्याला टेकून उगवल्यासारखा दिसतो आणि लगेच बुडतो. तरी गर्दी नेहमीसारखीच. नणंदेचा नवरा तोयर तर मटण मंद आचेवर ठेवूनच आला होता, इतकी त्याला ईदची खात्री. इगसानने आपली दुर्बीण गर्दीपासून लांब, कठड्याच्या टोकाला लावली. बूयांची अट तशी होती. वाऱ्याने दुर्बीण आणि तिला जोडलेला संगणकाचा पडदा हलू नये म्हणून मी आडवी उभी राहिले.

सूर्य गेला. खजूर खाऊन रोजा सोडला, आणि सगळ्यांच्या माना पश्चिमेकडे वळल्या. इगसानची मान पडद्याकडे. पडद्यावर नुसता राखाडी उजेड, त्यात काहीच नाही. मग त्याने माझं मनगट असं धरलं की बांगडी रुतली.

"रुगाया, आला."

मला आधी दिसेना. मग दिसला. पांढरा, केसाएवढा, आणि मधेमधे तुटलेला. चंद्राच्या कडेवरचे डोंगर आड येतात म्हणून इतका कोवळा चंद्र अखंड दिसत नाही, तुकड्यातुकड्यांनी दिसतो. मी आजवर त्याच्याइतकं नाजूक काही पाहिलं नाही. इगसानचे ओठ हलत होते. दुआ मागत होता की चित्रं मोजत होता, कोण जाणे.

तेवढ्यात तोयर आमच्या डब्यातली भजी उचलायला आला. त्याने पडद्यावर पाहिलं आणि बोंब ठोकली, "दिसला! अरे, दिसला! हा काय!"

झालं! बायका रडायला लागल्या, पुरुष "स्लामत! स्लामत!" अशा ईदच्या शुभेच्छा देत गळ्यात पडायला लागले, पोरं उड्या मारायला लागली. कुणी तरी घरी फोनही लावला. हाजी शमील, चंद्र बघणाऱ्यांचे म्होरके, दोन्ही हात वर करून ओरडले, "थांबा! थांबा म्हणतो ना! कुणाच्या डोळ्याला दिसला?"

तोयरने पडद्याकडे बोट दाखवलं.

"तो डोळा नाही. डोळ्याला कुणाच्या दिसला?"

आणि मग, दर वर्षी वळतात तसे, सगळे बूयांकडे वळले.

इगसान दुर्बीण तशीच सोडून धावला. बापाच्या मागे उभं राहून त्याने त्यांचे खांदे धरले आणि त्यांना हळूच उजवीकडे फिरवलं. "बूया, ते जहाज आहे ना, त्याच्या उजवीकडे. पाण्याच्या वर दोन बोटं. तिथे आहे."

मी खोटं सांगत नाही, माझ्या मनात आलं, म्हणा बूया. म्हणून टाका. चंद्र तर खरंच आहे तिथे, मी या डोळ्यांनी पडद्यावर पाहिलाय. चंद्राबद्दल काहीच खोटं होणार नाही. फक्त डोळ्याबद्दल होईल, आणि ते कुणाला कळणार?

बूयांनी मान वाकडी केली. सरळ केली. पुन्हा वाकडी केली. बराच वेळ ते पाण्याकडे बघत राहिले. मग त्यांनी आपल्या खांद्यावरचा मुलाचा हात काढला.

"हाजी," ते म्हणाले, "तो तिथे आहे हे मला आता कळलंय. पण दिसला नाही. आणि आणखी एक, सगळ्यांनी ऐका. माझे डोळे गेलेत. यापुढे मला विचारू नका."

हाजी शमील यांनी डोळे पुसले आणि इगसानकडे पाहिलं. "तुझे तर धड आहेत ना? तू बघितलास?"

सूर्य बुडाल्यापासून इगसानने एकदाही आकाशाकडे पाहिलं नव्हतं! पाहिलं होतं ते पडद्याकडे. आता त्याने मान वर केली, पण तोवर पाण्यावर धुकं चढलं होतं.

"नाही," तो म्हणाला. "मी डब्यात बघत होतो."

"म्हणजे उद्या रोजा," हाजी म्हणाले.

"आणि माझं मटण?" तोयर कळवळला.

"उद्या संध्याकाळी खा. आणखी मुरेल," बूया म्हणाले, आणि तेव्हा कुठे लोक हसले.

परतताना गाडी घराजवळ आल्यावर बूयांनी विचारलं, "खरंच होता?"

"होता, बूया."

"कसा होता?"

"तुटक. मी काढलेला सगळ्यात बारीक. इतका बारीक मला पुन्हा मिळेल की नाही, सांगता येत नाही." इगसानने गाडी आमच्या गल्लीत वळवली. "घरी गेल्यावर दाखवतो. आता तर साक्षही द्यायची नाहीये तुम्हांला."

"मला दाखवायचाय ना? मग आधी डोळ्याने बघायला शीक. नंतर डबा दाखव."

मला राग आला, अगदी तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "बूया, किती छळाल त्याला?" इगसानच म्हणाला, "रुगाया, राहू दे. बरोबर आहे त्यांचं."

ईद झाली, मटण संपलं. त्यानंतर रोज संध्याकाळी बापलेक ओट्यावर बसायला लागले. बूया सांगत, "टक लावू नकोस. नजर सैल सोड. पाण्यापासून वर ये, वरून खाली जाऊ नकोस." इगसान उजेड असतानाच शुक्र शोधायचा प्रयत्न करी आणि चडफडे. पडद्याची सवय झालेला माणूस, त्याला आकाश फार मोठं वाटे. आणि एक दिवस तो आत ऐकू येईल एवढ्या मोठ्याने ओरडला, "दिसला! शुक्र! बूया, नुसत्या डोळ्याने!" चाळिशी उलटलेला, शनीची कडी टिपणारा माझा नवरा, शुक्र दिसला म्हणून नाचत होता. मी कढई खाली ठेवली आणि बघत राहिले. तेव्हा मला तो पूर्वीपेक्षाही जास्त आवडला.

पुढच्या महिन्याची एकोणतिसावी आली. या महिन्याला गर्दी नसते. भिंतीशी हाजी शमील, दोन म्हातारे, आम्ही तिघं आणि बोचरा वारा. दुर्बीण गाडीच्या डिकीत. सूर्य गेला. इगसान हात मागे बांधून उभा, नजर सैल.

"दिसला," तो म्हणाला. अगदी हळू.

बूयांनी लगेच विचारलं, "शिंगं कुठे?"

"उजवीकडे, वरच्या अंगाला."

"पाण्यापासून किती?"

"चार बोटं. थोडी जास्तच."

"डोळे मीट. उघड. आहे?"

"आहे."

"मी सांगितलं होतं कुठे ते?"

"नाही."

"रुगायाने?"

"ती काय सांगणार, ती मघापासून थर्मासच्या झाकणाशी झटतेय."

बूयांनी मान वर केली. "हाजी, महिना संपला. चंद्र दिसला, आर्मीनचा मुलगा इगसान याच्या डोळ्याला." मग हाजींना आणि त्या दोघा म्हाताऱ्यांनाही दिसला, पण पहिला शब्द इगसानचा होता. बूया त्याच्याकडे वळले. "आता उभा काय राहिलास? तो बुडेल. आण तुझा डबा."

इगसान असा पळाला की चपला मागेच राहिल्या. अनवाणीच त्याने सगळं लावलं. पडद्यावर चंद्र आला, ताटाएवढा मोठा, कडेवर डोंगरांचे दात. बूया वाकले. नाक पडद्याला टेकेल इतके जवळ गेले, मान वाकडी केली आणि तसेच थांबले. श्वासाने पडदा धुरकटला, तो त्यांनी बाहीने पुसला आणि पुन्हा वाकले.

"हे कडेला खरबरीत काय आहे?"

"डोंगर, बूया."

"चंद्रावरचे?"

"हो. तेच तर सांगत होतो इतकी वर्षं."

ते हलले नाहीत. त्यांच्या पांढऱ्या दाढीवरून पाणी ओघळून पडद्यावर पडायला लागलं, आणि इगसानने ते पुसलं नाही. मग बूया सरळ झाले आणि भिंतीशी उभं राहून आयुष्यभर जो शब्द ज्या आवाजात उच्चारला, त्याच आवाजात म्हणाले, "दिसला!"

हाजी शमील दचकून वळले.

"मला दिसला, हाजी," बूया म्हणाले. "पण ही साक्ष धरू नका हं."